निळ्याकडे हात

मित्रांनो, मी एक जुनी पोथी आहे, पण माझ्यात देवाधर्माचे एक अक्षर नाही. मी विमानाची पोथी आहे. कागदोपत्री माझे नाव 'वैमानिक माहितीपुस्तिका, प्रत क्रमांक तीन' असे लांबलचक आहे. ते उच्चारायला वेळ कुणाला होता? सगळे आपले पोथीच म्हणत. काळे पुठ्ठे, तीन लोखंडी कड्या आणि चारशे बारा पाने असा माझा देह. आता कड्या गंजल्या आहेत, पाठीला चिकटपट्टी लावली आहे, आणि सराव-खोलीच्या फळीवर मी दिवसचे दिवस बसून असते. पण एके काळी मी ढगांच्या वर फिरत होते. तिथे जे पाहिले त्याचे नवल अजून ओसरलेले नाही.

माझा जन्म विमाने ठेवायच्या मोठ्या छपराला लागून असलेल्या एका अरुंद खोलीत झाला. तिथे एक टेबल, एक छपाईयंत्र, कागदाला भोके पाडायचे एक जड हत्यार आणि एक बाई. विमानात जे जे बटण, जो जो काटा, जो जो दिवा असेल, त्याविषयी वैमानिकाला समजेल असे लिहून द्यायचे, हे त्या बाईंचे काम. स्वतः त्यांनी कधी विमान चालवले नव्हते. विमाने दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना त्या खोदून खोदून विचारत, इतके की मिस्त्री त्यांना पाहिले की विमानाच्या पोटाखाली दडून बसत. सगळे विचारून झाले की त्या लिहीत आणि लिहून झाले की निम्मे खोडून टाकत.

"शब्द म्हणजे सामान," त्या म्हणत. "विमानात जास्तीचं सामान घेतात का कुणी?"

म्हणून त्यांचे नाव कात्रीबाई पडले. अर्थात पाठीमागे. त्यांना ते ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते.

आम्हा पोथ्यांची एक रीत आहे. इतर पुस्तके एकदा बांधली की पुरी होतात. आम्ही कधीच पुऱ्या होत नाही. विमानात एखादी वस्तू बदलली की नवी पाने येतात. कडी उघडून जुने पान काढायचे, नवे घालायचे, ते वाचायचे आणि शेवटच्या तक्त्यावर त्या पानाच्या क्रमांकासमोर सही करायची. तक्त्याच्या डोक्यावर दोनच शब्द छापलेले असतात, 'वाचले, समजले'. त्या दोन शब्दांपायी काय घडले, ते सांगायलाच आज मी तोंड उघडले आहे.

मला ज्यांच्या हाती सोपवले, ते कॅप्टन आमच्या लहानशा कंपनीतले सर्वांत जुने वैमानिक. सगळे त्यांना काका म्हणत. नऊ-नऊ आसनांची तीन विमाने डोंगरापलीकडच्या गावांना रोज जाऊन येत, आणि काकांनी आपले केस त्या डोंगरांवरून ये-जा करतच पिकवले होते. त्यांचा आवाज ऐकला की भित्रे प्रवासीसुद्धा डोळे मिटून घोरू लागत. माणूस लाखात एक. फक्त पुस्तकांशी त्यांचे जमत नसे. "पुस्तक वाचून पोहायला उतरतो, तो बुडतो," असे म्हणून ते मला आसनाशेजारच्या कप्प्यात खुपसत. मला राग येई. पण राग धरून कशी बसणार? समोरच्या काचेत जे दिसे, त्यापुढे माझा राग टिकत नसे.

पहिल्या दिवशी घरे काड्यापेट्यांएवढी झाली तेव्हा मला वाटले, याहून मोठे नवल नसेल. मग आम्ही ढगात शिरलो. मित्रांनो, ढगाच्या आत काहीच नसते. वर पांढरे, खाली पांढरे, समोर पांढरे. काकांच्या शेजारी चहाचा पेला होता. विमान एका अंगावर कलंडून वळत होते, पण पेल्यातला चहा तसूभरही सांडला नाही. तोल राखून घेतलेल्या वळणात असेच होते. चहाला वाटते आपण सरळ आहोत, आणि माणसाच्या शरीरालाही तसेच वाटते. कान, पाठ, पोट, सगळे एका सुरात खोटी साक्ष देतात. खरे सांगते ते समोरच्या फळीवरचे वीतभर रुंदीचे एक यंत्र. त्याला क्षितिज म्हणतात. बाहेरचे क्षितिज नाहीसे झाले की माणसे त्या काचेतल्या क्षितिजाच्या हाती जीव सोपवतात. स्वतःच्या शरीरावर अविश्वास दाखवून एका रेषेवर विश्वास ठेवणारी ती माणसे पाहून मी थक्क झाले होते. आजही होते.

आणि नेमके तेच यंत्र बदलले.

जुन्या यंत्रात क्षितिजाची रेषा स्थिर असे आणि तिच्यासमोर एक इवलेसे विमान कलत असे. आपले विमान उजवीकडे कलले की त्या चित्रातल्या विमानाचा उजवा पंख खाली. सोपे काम. खाली गेलेला पंख वर उचलायचा. नव्या पडद्यावर मात्र चित्रातले विमान जागचे हलत नाही, रेषाच कलते. वर निळे आकाश, खाली तपकिरी जमीन. आपले विमान डावीकडे कलले, तर रेषेचे उजवे टोक खाली जाते. खिडकीतून खरे क्षितिज दिसते तसेच हे चित्र, म्हणून नव्याने शिकणाऱ्याला काही अडत नाही. पण ज्याने तीस वर्षे उजवीकडे खाली दिसले की डावीकडे वळवले, त्याने आता उजवीकडेच वळवायचे! जित्याची खोड, मित्रांनो. ती पान बदलण्याइतक्या सहज बदलत नाही.

हे कात्रीबाईंनी ओळखले होते. चौथ्या भागाचे सतरावे पान त्यांनी लिहिले, तेव्हा ते भरगच्च होते. त्यांनी ते मिस्त्रींना वाचून दाखवले. मिस्त्री म्हणाले, "बाई, हे वाचून होईस्तोवर विमान खाली पोचलेलं असेल." त्या रागावल्या नाहीत. पान घेऊन गेल्या आणि आठवडाभर खोडत बसल्या. शेवटी त्यांच्या लक्षात आले की, विमान कसेही कलले तरी निळा रंग जिकडे जास्त दिसतो, तिकडे चाक वळवले की ते सरळ होते. मग त्यांनी त्या पानावर एक चित्र ठेवले, आणि चित्राखाली दोन शब्द.

निळ्याकडे हात.

आमच्या छपाईयंत्राला रंग येत नसत. म्हणून ते निळे-तपकिरी चित्र कात्रीबाईंनी प्रत्येक पोथीत आपल्या हाताने खळीने चिकटवले. माझ्या वेळी खळ थोडी जास्त झाली. चित्राच्या कडेने ती बाहेर आली आणि सतरावे पान शेजारच्या पानाला चिकटून बसले. चूक म्हणावी तर इतकीच. वाचणाऱ्याने अंगठा घातला असता तर पाने चटकन सुटली असती.

अंगठा कुणी घातला नाही. त्या दिवशी काका चहा घेत होते, तीस नवी पाने कडीत घालून झाली होती. त्यांनी शेवटचा तक्ता उघडला आणि एका दमात तीस सह्या ठोकल्या, पेन जेमतेम उचलत. 'वाचले, समजले.' सतराव्या पानासमोरची सही तर किती झोकदार होती! मी आतून ओरडत होते. पण पोथीला दुसऱ्याने वाचले तरच आवाज फुटतो.

छपराच्या एका कोपऱ्यात कात्रीबाईंनी सरावासाठी लाकडी खुर्ची करून घेतली होती. समोर फळी, फळीला गोल भोक, भोकातून दिसणारी निळी-तपकिरी पुठ्ठ्याची चकती. हातात विमान वळवायचे खरे अर्धे चाक. फळीमागे बसून त्या चकती फिरवत आणि वैमानिकाने चाक वळवायचे. काका आले ते मला काखेत मारूनच.

"तीस वर्षं विमानं उडवली बाई, आता पुठ्ठे उडवू होय?"

"उडवा की. पडला तरी कुणाला लागणार नाही."

"तुमचं बरं आहे. जमिनीवर बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या."

चकती फिरली आणि काकांनी उलटीकडे वळवले. "चष्मा पुसतो जरा," म्हणून ते हसले. दुसऱ्या वेळी मात्र बरोबर. तिसऱ्या वेळीही. दहापैकी नऊ! कात्रीबाई खूश झाल्या. काकांच्या मांडीवरून मला जे दिसत होते, ते त्यांना दिसत नव्हते. त्या चकती फिरवत, तेव्हा त्यांचे कोपर फळीच्या कडेबाहेर येई आणि काका चकतीकडे नव्हे, त्या कोपराकडे बघून वळवत. त्यांनी लबाडी केली असे मी म्हणणार नाही. नजर आपली सोपी वाट शोधते, आणि ती सापडली हे कधीकधी माणसाला स्वतःलाही कळत नाही. पुढे विमानात परीक्षा झाली ती लख्ख उन्हात. खिडकीत खरे डोंगर उभे होते. काका उत्तीर्ण झाले.

आता काकांच्या शेजारी जी बसे, तिची ओळख करून देते. ती मिस्त्रींची मुलगी, तिघा भावंडांत शेवटची, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. याच छपराखाली ती सायकल शिकली होती आणि सायकलचे सीट मागून धरून पळत होते काका. "सोडू नका हं काका!" ती ओरडायची, आणि काकांनी केव्हाच सोडलेले असायचे. आता ती सहवैमानिक झाली होती. तिची पोथी, प्रत क्रमांक सात, पाहून मला हेवा वाटे. कोपरे मुडपलेले, समासात खुणा, सतराव्या पानावर चक्क तेलकट अंगठा.

चार महिने सुरळीत गेले. मग ती दुपार आली.

मागे नऊ प्रवासी होते. त्यात एक आई आणि तिच्या कुशीत झोपलेले बाळ. डोंगरांवर ढग बसले होते आणि आम्ही त्यांच्या पोटात होतो. काका हाताने विमान चालवत होते. धाकटी जमिनीवरच्या माणसांशी बोलून हवामान टिपून घेत होती. काकांची पेन्सिल खाली पडली. ती शोधायला ते वाकले, माझ्या कप्प्यापाशी चाचपडले, आणि चाकावरचा दुसरा हात नकळत किंचित डावीकडे ओढला गेला. पेन्सिल सापडली. त्यांनी मान वर केली.

पडद्यावर रेषेचे उजवे टोक खाली होते.

तीस वर्षांनी त्यांच्या हाताला एकच गोष्ट सांगितली, उजवा पंख खाली गेलाय. त्यांनी चाक डावीकडे वळवले. रेषा आणखी कलली. त्यांनी आणखी डावीकडे वळवले. उंचीचे आकडे घसरू लागले. माझी चारशे बारा पाने मला एकाएकी दुप्पट जड झाली. पेल्यातला चहा मात्र शांत होता, जणू काही घडतच नाही.

"काका, निळ्याकडे!" धाकटी ओरडली.

"काय निळ्याकडे?"

मित्रांनो, तो प्रश्न ऐकून मी गार पडले. ज्याने ते पान उघडले आहे, असा एकही वैमानिक तो प्रश्न विचारणार नाही. धाकटीला त्या क्षणी सगळे कळले. तिने आपल्या पुढ्यातले चाक धरले.

"सोडा काका. माझ्याकडे द्या."

विमानाचे चाक एका वेळी एकाच्याच हाती असावे लागते. दोघे झगडले तर दोघांचेही चालत नाही. काकांना अजून वाटत होते की आपलेच बरोबर आहे. त्यांचे शरीर, त्यांची तीस वर्षे, सगळे तेच सांगत होते. आणि तरीही त्यांनी सोडले. दोन्ही हात उचलले, मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "तुझ्याकडे." मी आयुष्यात बरेच काही पाहिले, पण त्या उचललेल्या दोन हातांहून मोठे काही पाहिले नाही.

धाकटीने इंजिनांचा जोर कमी केला आणि चाक निळ्याकडे वळवले. रेषा फिरत फिरत आडवी झाली. मग तिने हळूच नाक वर उचलले. आकडे थांबले. तेवढ्यात ढगाला एक भोक पडले आणि डावीकडे डोंगराची कड दिसली. इतकी जवळ, की झाडे मोजता आली असती. पुन्हा पांढरे झाले. बाळ झोपलेलेच होते.

उतरल्यावर एक आजोबा जाता जाता काकांना म्हणाले, "तुम्ही असलात की छान झोप लागते बघा." काकांनी हात जोडले.

विमान रिकामे झाले तेव्हा धाकटी म्हणाली, "काका, मी कुणाला काही सांगणार नाही."

"तू नकोच सांगू. मी सांगतो."

मला घेऊन ते थेट त्या अरुंद खोलीत गेले.

"बाई, तुमची कात्री द्या जरा."

कात्रीबाईंनी न विचारता दिली. काकांनी माझी चिकटलेली पाने शोधली, मधे कात्रीचे पाते घातले आणि हळूहळू सोडवली. कागद कडेने थोडा सोलला. मला दुखले, आणि बरेही वाटले. चार महिन्यांनी निळ्या रंगाला उजेड दिसला. कात्रीबाई एकदा पानाकडे, एकदा तक्त्याकडे बघत राहिल्या.

"ही सही तुमची आहे ना?"

"माझीच. पण खोटी आहे."

मग त्यांनी दुपारचे सगळे सांगितले, पेन्सिलीपासून डोंगराच्या कडेपर्यंत. शेवटी कोपराचेही सांगितले. "आज विमानात बसल्या बसल्या लक्षात आलं," ते म्हणाले. "तुमची चकती मी कधी बघितलीच नव्हती." कात्रीबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "खळ मीच जास्त लावली," त्या म्हणाल्या. काकांनी मान हलवली. "खळीला दोष देऊ नका बाई. अंगठा माझा होता." आणि त्यांनी लाल पेनने आपली ती झोकदार सही खोडली.

दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांपुढेही त्यांनी हेच सांगितले. त्यांचे उडणे थांबले. मिस्त्रींनी जुन्या आसनांच्या कापडाचा पडदा शिवला आणि लाकडी खुर्चीपुढे टांगला; त्यातून फक्त चकती दिसे, कोपर दिसत नसे. काका रोज सकाळी येऊन बसत. पहिले काही दिवस पाहवेना. नंतर हात सुधारला. सव्विसाव्या सकाळी तीस वेळा चकती फिरवली, त्यात एकोणतीस बरोबर आले.

"झालं की काका!" धाकटी म्हणाली. "एकच तर चुकलं. उद्या तेही जमेल."

काकांनी चाक सरळ केले. "उद्या जमेल. पण परवा दमलेला असलो, तर? त्या एका वेळी मागे नऊ माणसं बसलेली असतात गं." मग ते खुर्चीतून उठले, पडद्यामागे गेले आणि कात्रीबाईंना म्हणाले, "सरका. चकती मी फिरवतो. बस धाकटे, तुझ्यापासून सुरुवात."

त्यानंतर विमानात कॅप्टनच्या डाव्या आसनावर ते कधी बसले नाहीत. पडद्यामागच्या स्टुलावर मात्र अनेक वर्षे बसले. नवी रीत त्यांनीच घातली. आधी पान वाचायचे, मग खुर्चीत हाताने करून दाखवायचे, आणि मगच सही. माझ्यात एक पान त्यांनी स्वतः लिहून घातले, चौथ्या भागाचे अठरावे. त्यावर एवढेच आहे: 'मागचे पान न वाचता मी सही केली होती. ढगात माझा हात चुकीकडे गेला. माझ्या शेजारी ते वाचलेली मुलगी बसली होती, म्हणून हे लिहायला मी उरलो.' कात्रीबाईंनी ते दोनदा वाचले आणि जन्मात पहिल्यांदाच एकही शब्द कापला नाही.

पुढे काळ बदलला. पोथ्यांची पाने हातात मावणाऱ्या पडद्यांवर गेली. माझ्या बहिणी रद्दीत गेल्या. मीही त्या ढिगात पडले होते. धाकटीने मला ओळखले, पदराने पुसावे तसे बाहीने पुसले आणि या फळीवर ठेवले. आता इथली सगळी शिकवणी तीच बघते. काकांचे गुडघे ऐकत नाहीत, त्यामुळे ते क्वचित येतात. आले की माझ्या पाठीवर एक थाप मारतात.

परवा एक नवा वैमानिक आला. त्याच्या पडद्यावर तीस पाने होती आणि प्रत्येकाखाली एक चौकोन, 'वाचले, समजले'. चहा निवायच्या आत त्याने तीसही चौकोनांत बोट टेकवले. धाकटीने मला फळीवरून काढले आणि त्याच्या मांडीवर ठेवले. त्याने सतरावे पान उघडले, सोललेल्या कडेवरून बोट फिरवले, अठरावे वाचले. मग शेवटचा तक्ता काढून ती लाल रेघ मारलेली सही बराच वेळ पाहिली.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "चौकोनातली ही खूण काढता येते का?"

"येते," धाकटी म्हणाली आणि लाकडी खुर्चीपुढचा कापडी पडदा सारखा करायला उठली.

मित्रांनो, मला जपून ठेवा असे मी म्हणणार नाही. कागद आज ना उद्या जायचाच. माझे मागणे इतकेच आहे. 'वाचले, समजले' म्हणण्याआधी पान उघडा, चिकटले असेल तर अंगठा घालून सोडवा. ज्या क्षणी पुस्तक उघडायला कुणालाच सवड नसते, त्या क्षणासाठी कुणीतरी आठवडाभर बसून तिथे दोन शब्द लिहून ठेवलेले असतात.